स्यमंतक मण्याची चोरी आणि आपल्या हातातला मोबाइल

॥ श्री गणेशाय नमः ॥ ॥ श्री सद्गुरुनाथाय नमः ॥



कानबाईचे रोट झाले, गोकुळाष्टमी झाली, आणि आता डिंडोली-नवागामच्या गल्लीगल्लीत गणपतीचे मंडप उभे राहायला लागलेत. बांबू आलेत, पावती-पुस्तकं निघालीत. या दिवसांत घरोघरी लहान मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. "आजी, चवथीला चंद्र का नाही बघायचा?" आणि आपण सगळ्या एका वाक्यात उत्तर देऊन मोकळ्या होतो. "बघितला तर चोरीचा आळ येतो, बाळा."

उत्तर बरोबर आहे, पण अर्धं आहे. आळ कोणावर आला होता? कशाच्या चोरीचा? आणि ज्याच्यावर आला त्याने पुढे काय केलं? ही पुढची गोष्ट आपण मुलांना सांगत नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्यापैकी बऱ्याच जणांना ती अर्धीच माहीत असते. म्हणून या वेळच्या सत्संगाला तीच घेऊ या. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात, छप्पन्न आणि सत्तावन्न या दोन अध्यायांत ती आहे. चहा ठेवला असेल तर गॅस बारीक करा आणि शांतपणे वाचा. लांब आहे, पण यंदाच्या गणपतीच्या आधी वाचायलाच हवी.

*मणी कोणाचा होता?*

द्वारकेत सत्राजित नावाचा एक यादव होता. सूर्याचा मोठा भक्त. सूर्यनारायण प्रसन्न झाले आणि त्यांनी आपला स्यमंतक मणी त्याला दिला. तो गळ्यात घालून सत्राजित नगरात आला तेव्हा लोकांना वाटलं, प्रत्यक्ष सूर्यच चालत येतोय. हा मणी रोज आठ भार सोनं द्यायचा. आणि सोन्यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे जिथे त्याची पूजा व्हायची तिथे दुष्काळ, रोगराई, सर्पभय येत नसे.

श्रीकृष्णाने एकदा सत्राजिताला सरळ सांगितलं, "हा मणी आपल्या उग्रसेन महाराजांकडे असू दे." विचार केला तर मागणी रास्त होती. ज्या वस्तूने अख्ख्या राज्याचं भलं होतं ती एका घराच्या देव्हाऱ्यात का अडकून राहावी? पण सत्राजिताला लोभ सुटला नाही. त्याने नाही म्हटलं. श्रीकृष्णाने जबरदस्ती केली नाही, पुन्हा विषयही काढला नाही.

ही छोटी गोष्ट लक्षात ठेवा. पुढचा सगळा आळ या एका चांगल्या मागणीला टांगला गेला.

*चोर नसलेली चोरी*

एक दिवस सत्राजिताचा भाऊ प्रसेन तो मणी गळ्यात घालून घोड्यावरून शिकारीला गेला. रानात सिंहाने त्याला मारलं आणि चमकणारा मणी उचलून नेला. पुढे डोंगरात जांबवंताने त्या सिंहाला मारलं आणि मणी आपल्या गुहेत नेला. आणि केलं काय त्याचं? लहान बाळाला खेळायला दिला! ज्या मण्यासाठी द्वारकेत झोप उडाली होती तो तिकडे पाळण्याजवळ खुळखुळ्यासारखा पडला होता.

आता बघा हं. सिंह चोर आहे का? त्याने शिकार केली. जांबवंत चोर आहे का? त्याने सिंह मारला आणि जे मिळालं ते घरी आणलं, ते कोणाचं आहे हे त्याला ठाऊकच नाही. बाळ तर बाळच. म्हणजे चोरी झाली असं सारं नगर म्हणत होतं, आणि गोष्टीत इथपर्यंत चोर असा कोणी नाहीच.

पण प्रसेन परत आला नाही तेव्हा सत्राजित काय म्हणाला? "माझ्या भावाला बहुतेक कृष्णानेच मारलं असेल. मणी त्यालाच हवा होता." त्याने काही पाहिलं नव्हतं. भाऊ गेल्याच्या दुःखात त्याने एक अंदाज बोलून दाखवला. आणि भागवतकारांनी पुढे काय सांगितलंय? लोकांनी ते ऐकलं आणि एकमेकांच्या कानात कुजबुजायला लागले.

पहिल्या तोंडातून "बहुतेक" असं निघालं होतं. दुसऱ्या कानापर्यंत जाताना "बहुतेक" गळून पडतं, ताई. तिसऱ्या कानाला "असेल"चं "आहे" होतं. चौथ्याला तर "मी स्वतः ऐकलंय" असं होतं. पाच हजार वर्षांपूर्वी मोबाइल नव्हते म्हणून द्वारकेत या कानातून त्या कानात जायला दोन-चार दिवस तरी लागले असतील. आज मसाला वाटेपर्यंत पाच ग्रुप फिरून येतं.

आणि आळ कोणावर? ज्याने गोवर्धन उचलून सगळ्यांना वाचवलं, जरासंधाच्या त्रासातून सोडवायला ज्याने द्वारका वसवली, त्याच्यावर! लोक एका दिवसात विसरले. तेव्हा आपल्यावर कधी कोणी खोटा आळ घेतला तर "माझ्याच नशिबी का?" असं म्हणून रडू नये. भगवंतालाही ते चुकलं नाही. गणपतीला हसणाऱ्या चंद्राला शाप मिळाला, त्या चवथीचा चंद्र श्रीकृष्णाने पाहिला आणि म्हणून हा आळ आला, असं आपल्या व्रतकथेत सांगतात ते याच प्रसंगाचं.

*श्रीकृष्णाने काय केलं?*

इथे प्रत्येकाने जरा थांबायचं आहे. मनाशी विचार करा, मी असते तर काय केलं असतं? भांडले असते. "माझं नाव घेतलंच कसं?" असं म्हणून सत्राजिताच्या दारात गेले असते. किंवा रुसून बसले असते. किंवा त्याच्याविषयी चार गोष्टी मीही लोकांना सांगितल्या असत्या.

श्रीकृष्णाने यातलं काहीच केलं नाही. त्याने नगरातली माणसं बरोबर घेतली आणि प्रसेनाचा माग काढत रानात गेला. माणसं बरोबर का? कारण जे दिसेल ते सगळ्यांना दिसावं. आधी प्रसेन आणि त्याचा घोडा मेलेले सापडले. तिथे सिंहाच्या पावलांचे ठसे होते. त्या ठशांवरून पुढे गेले तर सिंह मेलेला, आणि तिथून अस्वलाच्या पावलांचे ठसे एका काळोख्या गुहेकडे गेलेले. प्रत्येक पाऊल पुराव्याचं. मधे कुठेही "मला वाटतं" नाही.

गुहेच्या तोंडाशी आल्यावर श्रीकृष्णाने बरोबरच्या सगळ्यांना बाहेरच थांबवलं आणि तो एकटा आत गेला.

माझ्या मते साऱ्या कथेतली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. आत कोण राहत होतं? ऋक्षराज जांबवंत, अस्वलांच्या कुळाचा राजा. रामावतारात लंकेच्या युद्धात रामचंद्रांच्या बाजूने लढलेला तो वृद्ध वीर. बाहेर कोण उभे होते? आपला माणूस मेला म्हणून चिडलेले यादव. हा सगळा जमाव आत घुसला असता आणि समोर पाळण्यात मणी दिसला असता तर काय झालं असतं? "हेच ते चोर! यांनीच मारलं!" असं म्हणून तलवारी निघाल्या असत्या. यादव आणि ऋक्ष या दोन कुळांचं कायमचं वैर जडलं असतं, आणि तेही एका सिंहाच्या करणीवरून. ज्या गर्दीला साक्षीसाठी आणलं होतं तिला न्याय करायला आत नेलं नाही. साक्षीला सगळे, पण बोलायला एकच, हे श्रीकृष्णाचं शहाणपण.

आत काय ऐकू आलं हे विष्णुपुराणात फार गोड सांगितलंय. दाई बाळाला झोपवत होती. अंगाई गाताना ती सांगत होती की सिंहाने प्रसेनाला मारलं, सिंहाला जांबवंताने मारलं, आता रडू नकोस बाळा, हा मणी तुझाच आहे. चवथीला चंद्र चुकून दिसला तर जो श्लोक म्हणायला सांगतात ना, तो म्हणजे हीच अंगाई! किती जणांना ठाऊक होतं? आपल्या घरातल्या मोठ्यांनी आपल्याला जो दोषनिवारणाचा मंत्र शिकवला तो मुळात एका दाईचं पाळण्याचं गाणं आहे.

आणि अर्थ बघा. श्रीकृष्ण निर्दोष आहे याची साक्ष द्वारकेत कोणाकडेच नव्हती. ती होती परक्या घरात, परक्या कुळातल्या एका साध्या बाईच्या तोंडी. ज्याला आपण चोराचं घर समजतो तिथेच कधी कधी खरं काय ते सांगणारं माणूस बसलेलं असतं. पण ते ऐकायला आत जावं लागतं, आणि आरडाओरड न करता जावं लागतं.

नवखा पुरुष बघून दाई घाबरून ओरडली. जांबवंत धावून आला. त्याला हे कोण ते कळेना. दोघांचं युद्ध अठ्ठावीस दिवस चाललं. बाहेरची माणसं बारा दिवस वाट बघून रडत द्वारकेला परतली. देवकी, वसुदेव, रुक्मिणी शोक करू लागले. आणि गंमत म्हणजे जे लोक आधी कुजबुजत होते तेच आता सत्राजिताला दोष द्यायला लागले! लोकांच्या जिभेचं असंच असतं. तिला कोणीतरी एक लागतो.

शेवटी जांबवंताच्या अंगातली शक्ती संपली तेव्हा त्याने ओळखलं की हे माझे प्रभूच आहेत. श्रीकृष्णाने त्याच्या अंगावरून प्रेमाने हात फिरवला आणि सांगितलं, "मी या मण्यासाठी आलो, माझ्यावर आलेला खोटा आळ मला पुसायचा आहे." जांबवंताने मणी दिला, वर आपली मुलगी जांबवती दिली. वैर व्हायचं तिथे सोयरीक झाली! द्वारका-सोमनाथच्या यात्रेला आपल्या इथून बस निघते ना, ती पोरबंदरला थांबली की राणावावची जांबवंताची गुहा अवश्य बघा. खाली उतरून शिवलिंगांपुढे हात जोडताना ही गोष्ट मुलांना तिथेच सांगा. कायम लक्षात राहील.

मग श्रीकृष्णाने सत्राजिताला राजसभेत बोलावलं, सगळ्यांसमोर घडलेलं सांगितलं आणि मणी त्याच्या हातात ठेवला. एक कडू शब्द बोलला नाही. सत्राजिताची मान खाली गेली. त्याने सत्यभामा दिली आणि मणीही देऊ केला. श्रीकृष्णाने मणी घेतला नाही.

*खरा चोर कोण निघाला?*

बहुतेक ठिकाणी गोष्ट इथे संपवतात. पण भागवत पुढे जातं.

काही काळाने पांडव लाक्षागृहात जळाल्याची बातमी आली म्हणून श्रीकृष्ण-बलराम हस्तिनापूरला गेले. मागे अक्रूर आणि कृतवर्मा यांनी शतधन्वा नावाच्या यादवाला फूस दिली. सत्यभामा आपल्याला देतो असं म्हणून सत्राजिताने शब्द फिरवला, याचा त्यांना राग होता. शतधन्व्याने झोपलेल्या सत्राजिताला मारलं आणि मणी पळवला. श्रीकृष्ण परत आल्यावर तो घाबरला, मणी अक्रूराकडे ठेवून पळाला, आणि मिथिलेजवळ श्रीकृष्णाने त्याला गाठून मारलं. कपडे तपासले तर मणी नाही!

श्रीकृष्णाने बलरामदादांना सांगितलं, "दादा, याला उगाच मारलं. मणी याच्याजवळ नाही." बलराम म्हणाले, मग तो कोणाकडे तरी ठेवला असेल, तू द्वारकेला जाऊन शोध घे. आणि स्वतः मिथिलेला जनकाकडे निघून गेले ते पुढची कित्येक वर्षं तिथेच राहिले. पुढे श्रीकृष्ण स्वतःच सांगतो की या मण्याच्या बाबतीत माझ्या मोठ्या भावाचा माझ्यावर पूर्ण विश्वास नाही.

गुरुबंधूंनो, रानातल्या सिंहाने एक माणूस मारला. पण या मण्याच्या संशयाने कृष्ण-बलरामांच्या जोडीत अंतर पाडलं. लहानपणापासून गायी राखत एकत्र वाढलेले भाऊ! तर तुमच्या-आमच्या घरातलं काय? आई गेल्यावर तिची पोत कोणाकडे, पाटल्या कोणी नेल्या, शेवटच्या दिवसांत कपाटाची चावी कोणाजवळ होती, यावरून खान्देशातल्या आणि इथल्या सुरतेतल्या कितीतरी घरांत भाऊबीज बंद झाली आहे. पाटल्या दोन-तीन तोळ्यांच्या असतात, ओवाळणी मात्र आयुष्याची जाते.

आता तिढा श्रीकृष्णाने कसा सोडवला ते ऐका. अक्रूर मणी घेऊन द्वारकेबाहेर गेला होता आणि सोन्याच्या वेदी बांधून यज्ञ करत होता. हा तोच अक्रूर ज्याने गोकुळातून कृष्णाला मथुरेला आणलं, मोठा भक्त. त्याच्यावर कोणी संशय घेतला नव्हता. म्हणजे ज्याच्यावर आळ आला तो निर्दोष, आणि ज्याच्याकडे वस्तू होती तो सगळ्यांच्या आदरातला! आपला अंदाज किती वेळा उलटा पडतो बघा.

श्रीकृष्णाने अक्रूराला बोलावलं. गोड बोलला, मान दिला. म्हणाला की मणी तुमच्याकडे आहे हे आम्हाला आधीपासून ठाऊक आहे. सत्राजिताला मुलगा नाही, म्हणून खरा हक्क त्याच्या मुलीच्या मुलांचा. पण हा मणी सांभाळणं कठीण, तो तुमच्याकडेच राहू द्या. फक्त एकदा सगळ्या आप्तांना दाखवा, म्हणजे दादांच्या मनाला शांती मिळेल.

अक्रूराने वस्त्रात गुंडाळलेला मणी काढून दिला. श्रीकृष्णाने तो सगळ्यांना दाखवला, आपल्यावरचा डाग पुसला, आणि मणी परत अक्रूराच्या हातात दिला.

अर्थात शतधन्व्याला त्याने सोडलं नाही, कारण तिथे झोपलेल्या माणसाचा खून झाला होता. क्षमा म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण घालणं असं कोणी समजू नये. पण मण्याच्या बाबतीत हक्क ठाऊक असून, ताकद असून त्याने तो हक्क धरून ठेवला नाही. त्याला घरात शांती हवी होती.

*पुराणातली वांगी पुराणात नाहीत*

कोणी म्हणेल, ताई, हे सगळं द्वापारयुगातलं. तर आपल्या आई-वडिलांच्या काळातली एक खरी घटना सांगते.

श्रीनगरला दल सरोवराच्या काठी हजरतबल दर्गा आहे. तिथे पैगंबरसाहेबांचा केस म्हणून एक पवित्र अवशेष जपला आहे. परंपरा सांगते की तो मदिनेहून आधी विजापूरला, म्हणजे आपल्या सोलापूरच्या शेजारी आला आणि तिथून पुढे काश्मीरला गेला. २७ डिसेंबर १९६३ च्या पहाटेच्या सुमारास तो चोरीला गेला. मुसलमान बांधवांसाठी हे किती मोठं असेल! आपल्या पंढरपुरातून माऊली गेली तर आपलं काय होईल, तसंच.

कडाक्याची थंडी होती. तरी हजारो माणसं रस्त्यावर आली. सरकारवर राग निघाला, जाळपोळ झाली, गोळीबारही झाला. पण एक गोष्ट त्या लोकांनी होऊ दिली नाही. काश्मीरमधले मुसलमान, हिंदू पंडित आणि शीख एकमेकांच्या अंगावर गेले नाहीत. तिन्ही धर्मांची माणसं एकाच मोर्चात चालली, दुकानं बंद असताना लोकांनी मिळून जेवणाची सोय केली. पंडित नेहरूंनी दिल्लीहून तपासासाठी गुप्तचर विभागाचे प्रमुख पाठवले. ४ जानेवारी १९६४ ला अवशेष सापडला आणि ३ फेब्रुवारीला जाणत्या धर्मपुरुषांनी तो पाहून, हाच तो, असं सगळ्यांसमोर सांगितलं. म्हणजे पुन्हा तीच श्रीकृष्णाची रीत: माग काढा, सापडलेलं उघडपणे दाखवा.

पण त्याच दिवसांत तिथून हजार मैलांहून दूर, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, खुलन्यात आणि मग ढाक्याकडे, या चोरीच्या बातमीवरून हिंदूंची घरं जळाली. त्याचा सूड म्हणून कलकत्त्यात मुसलमानांची जळाली. लाखो माणसं घरदार सोडून निघाली. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी-मुलचेराकडे आजही बंगाली बोलणारी गावं आहेत, ती त्या काळात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांचीच.

यावर मी पुष्कळ विचार केला. जिथे चोरी झाली, जिथे दुःख खरं होतं, तिथे शेजारी शेजाऱ्याला धरून राहिला. आणि ज्यांनी तो दर्गा आयुष्यात पाहिला नव्हता, ज्यांचा चोराशी काही संबंध नव्हता, ते त्यात मेले. का? श्रीनगरचा माणूस शेजाऱ्याचं तोंड बघत होता. खुलन्यात आणि कलकत्त्यात पोचली ती नुसती बातमी, आणि तिच्यामागे जे कोणाला हवं होतं ते जोडलेलं. बातमी जितकी लांब जाते तितकी तिच्यातली माणसं गळतात आणि फक्त "ते लोक" उरतात.

*आणि आपल्या गल्लीत*

आपली डिंडोली कशी आहे? एका इमारतीत जळगावचे, धुळ्याचे, नंदुरबारचे आपण, वरच्या मजल्यावर यूपीचे, समोर बिहारचे, मागे ओडिशाचे, कोपऱ्यावर गुजराती बेनचं दुकान. लूमवर एकाच पाळीत सगळे काम करतात. कानबाईला आपण गाणी म्हणतो तेव्हा ते ऐकतात, छठला त्या बाया पाण्यात उभ्या राहतात तेव्हा आपण प्रसाद घेतो.

मागे आमच्या भागातल्या एका मंडळात गणपतीचं चांदीचं जानवं दिसेनासं झालं. मंडपात लाइटिंगचं काम करणारा एक परप्रांतातला पोरगा होता, जेमतेम वीस वर्षांचा. रात्री तो तिथेच झोपायचा. झालं! कोणीतरी ग्रुपवर लिहिलं, "रात्री मंडपात कोण असतं ते सगळ्यांना माहीत आहे." नाव घेतलं नव्हतं. पण त्या एका वाक्यावर सकाळपर्यंत "या लोकांना कामच देऊ नका" इथपर्यंत मजल गेली. दुपारी दोन गल्ल्यांमधली पोरं समोरासमोर उभी राहिली. मंडळातले एक वयस्कर काका मधे पडले म्हणून हातघाईवर आलं नाही.

चार दिवसांनी निर्माल्याची पोती वेगळी करताना दुर्वांच्या जुडीत गुंतलेलं जानवं सापडलं. हार उतरवताना त्याच्याबरोबर निघून आलं होतं. इथेही चोर नव्हताच! सापडल्याचा निरोप ग्रुपवर पडला, त्याला दोन-चार जणांनी हात जोडले आणि विषय संपला. तोपर्यंत तो पोरगा खोली सोडून गेला होता. त्याला कोणी सांगितलं की नाही, देव जाणे. जानवं गणपतीच्या गळ्यात परत आलं. त्या पोराचं नाव ज्या ज्या ग्रुपवर फिरलं तिथून ते परत कोण आणणार?

म्हणून मला वाटतं, आपल्या शास्त्रात चंद्र न बघण्याचा नियम सांगितला त्यात एक खूण आहे. एक दिवस तरी वर बघून, दुसऱ्याकडे बघून हसू नका. चंद्र गणपतीच्या पडण्याला हसला, त्यातून शाप आला, शापातून आळ. दुसऱ्याची फजिती बघण्यातली गोडी हेच सगळ्याचं मूळ आहे.

*यंदाच्या गणपतीचा संकल्प*

सत्संग नुसता वाचून ठेवायचा नसतो. आपल्या परिवाराने यंदा दहा दिवसांसाठी एवढं पाळायचं, असं सुचवते.

१. घरात, सोसायटीत किंवा मंडळात काही हरवलं तर पहिले आपण शोधायचं. निर्माल्य, पूजेचं ताट, कपाटाचा खालचा खण. श्रीकृष्ण रानात गेला, आपल्याला चार डबे उघडायला काय हरकत आहे?

२. खरंच चोरी झाली असेल तर मंडळाच्या दोन-तीन जबाबदार माणसांनी पोलिसांत जायचं. ग्रुपवर तपास करायचा नाही.

३. "ते लोक", "त्या गल्लीचे", "बाहेरचे" असे शब्द ज्या निरोपात असतील तो आपल्या फोनवर येऊन थांबला पाहिजे. पुढे पाठवायचा नाही. गावाकडून सख्ख्या मामाने पाठवला असेल तरी नाही.

४. ज्याच्यावर संशय आहे त्याच्याशी बोलायचं तर एका मोठ्या माणसाने, एकट्याने, शांतपणे. जमाव गुहेबाहेर.

५. वस्तू सापडली तर ज्या ज्या ग्रुपवर संशय गेला त्या सगळ्या ग्रुपवर "सापडली, कोणाचा दोष नव्हता" हे लिहायचं, आणि ज्याला त्रास झाला त्याच्या घरी जाऊन प्रसाद द्यायचा. श्रीकृष्णाने मणी राजसभेत परत केला, कोपऱ्यात नाही.

६. चवथीला संध्याकाळी मुलांना जवळ घेऊन ही पूर्ण गोष्ट सांगायची. अक्रूरापर्यंत. अर्धी नाही.

आणि ज्या घरात पोत-पाटल्यांवरून बोलणं बंद आहे, त्या घरातल्या मोठ्याने यंदा गौरी-गणपतीला पहिला फोन करावा. हक्क कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. श्रीकृष्णालाही ठाऊक होतं. तरी त्याने मणी अक्रूराकडे राहू दिला, कारण दादा मिथिलेला रुसून बसले होते आणि त्याला दादा हवे होते.

स्यमंतक मणी पुढे कुठे गेला हे आता कोणी विचारत नाही. रोज आठ भार सोनं देणारी वस्तू, आणि तिची आठवणही आपण काढत नाही. आपण आठवण काढतो ती ज्याने मणी हातात येऊन दोनदा परत दिला त्याची. घरोघरी त्याचा पाळणा हलतो.

गणपतीबाप्पा सगळ्यांच्या जिभेवर आणि बोटांवर बसो, चांगलं तेवढंच बोलवून आणि लिहवून घेवो, हीच सद्गुरूचरणी प्रार्थना.

हा निरोप मात्र आपल्या घरच्या ग्रुपवर अवश्य पाठवा. 😊 म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा, मुलांना सांगा.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥ ॥ जय गुरुदेव ॥

आपली एक गुरुभगिनी
डिंडोली, सुरत 🙏